तारामतीपासून नीरापर्यंत : जुने मराठी पिक्चर गटात बसून का बघायचे

एरवी आपण रेडिओवर बी-बियाणं, लेकरांचं आरोग्य, बँकेचे कागद असल्या गोष्टींवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण जुन्या मराठी पिक्चरविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, हातात काम असताना हे पिक्चरचं काय काढलं? पण जरा ऐका. आपल्या गटाच्या बैठकीत जे प्रश्न निघतात, तेच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच्या पिक्चरमध्ये आहेत. पोरीचं लग्न तिला न विचारता ठरवायचं का? कर्जाच्या कागदावर अंगठा कोणाचा आणि जमीन जाते कोणाची? नवरा देवधर्मात, गावकीत गुंतला तर चूल कोणी पेटवायची? बाई कामासाठी घराबाहेर पडली तर लोक तिला काय म्हणतात? हे सगळं त्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये आहे. आणि पडद्यावर दिसणाऱ्या बायांची स्वतःची आयुष्यंही त्याच प्रश्नांतून गेलेली आहेत. म्हणून मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे : पिक्चरमधल्या बाईची आणि ते काम करणाऱ्या बाईची.

तारामतीचं काम कोणी केलं?

आपल्या देशातला पहिला मोठा पिक्चर एका मराठी माणसानं काढला, हे पुष्कळांना माहीत आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावात लोकांसाठी लागला. तो मूकपट होता. म्हणजे चित्रं हलायची, पण आवाज नव्हता.

हरिश्चंद्राची गोष्ट आपल्याला पाठ आहे. राजानं शब्द पाळला, आणि त्यापायी राणी तारामती विकली गेली. लेकराचं प्रेत घेऊन ती स्मशानात आली. सगळ्यात जास्त सोसलं ते तारामतीनं. पण पडद्यावर तारामती झाली कोण? कोणी बाई नव्हे. अण्णा साळुंखे नावाचा एक पुरुष. तो खानावळीत कामाला होता.

असं का झालं? फाळक्यांनी बाई शोधली नाही असं नाही. खूप शोधली. पण कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे अब्रू जाणं, अशी समजूत होती. घरंदाज बाया सोडाच, कोठीवर गाणाऱ्या बायांनीसुद्धा नकार दिला. शेवटी साळुंख्यांना लुगडं नेसवून उभं केलं.

मग या पिक्चरमध्ये बाईचा हात नव्हताच का? होता, आणि चांगला भक्कम होता. फाळक्यांची बायको सरस्वतीबाई. पिक्चर काढायला पैसा लागला तेव्हा तिनं अंगावरचे दागिने दिले. काम करणाऱ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक तिनं केला. फिल्मच्या पट्टीला कडेनं भोकं पाडावी लागत, ती रात्री अंधारात बसून पाडली. फिल्म धुण्याची औषधं कालवली. ऊन नीट पडावं म्हणून पांढरी चादर धरून उन्हात उभी राहिली. आज दादासाहेबांच्या नावानं देशातला मोठा पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्यातल्या कितीजणी शेतात राबतात आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचंच असतं, त्यातलीच ही गत.

मायलेकी पहिल्यांदा पडद्यावर

त्याच १९१३ साली फाळक्यांनी दुसरा पिक्चर केला, ‘मोहिनी भस्मासुर’. या वेळी दोन बाया पुढे आल्या, आणि त्या मायलेकी होत्या. आई दुर्गाबाई कामत पार्वती झाली. लेक कमलाबाई मोहिनी झाली. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी दुर्गाबाई नाटक कंपनीत काम करून लेकीला वाढवत होती. पोटासाठी तिनं ते पाऊल उचललं, आणि आपल्या देशातल्या पिक्चरमध्ये काम करणाऱ्या पहिल्या बाया म्हणून या दोघींचं नाव लागलं.

ही कमलाबाई पुढे लग्न होऊन कमलाबाई गोखले झाली. नवरा लवकर गेला. पदरात लेकरं होती. तिनं नाटकांत काम करून ती वाढवली, वेळ पडली तेव्हा पुरुषाची कामंही केली. नटवर्य चंद्रकांत गोखले हा तिचा मुलगा आणि विक्रम गोखले नातू. विक्रम गोखल्यांना आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या घराण्याची सुरुवात एकट्या बाईच्या कष्टातून झाली, हे लक्षात ठेवा.

यानंतर एकोणीस वर्षं गेली. पिक्चर बोलू लागला. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. गोष्ट तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. पण या वेळी तारामती झाली एक बाई, दुर्गा खोटे. मुंबईच्या मोठ्या घरातली, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई. सासरची श्रीमंती गेली आणि घर चालवायची वेळ आली, म्हणून ती या कामाकडे वळली. त्याआधी १९३१ साली तिनं एका पिक्चरमध्ये छोटं काम केलं होतं, तर लोकांनी तिला खूप नावं ठेवली. तरी ती मागे हटली नाही. ‘अयोध्येचा राजा’ गाजला आणि तीच नावं ठेवणारी माणसं कौतुक करू लागली. दुर्गाबाई पुढे पन्नास वर्षं काम करत राहिल्या. १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे, वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

१९१३ ची तारामती लुगडं नेसलेला पुरुष होता, १९३२ ची तारामती खरोखरची बाई होती. मधल्या एकोणीस वर्षांत जे बदललं, ते बदलण्याची किंमत या बायांनी मोजली.

आपल्या पैठणची गोष्ट, आणि एक उलटी गंमत

आता जरा आपल्या अंगणात येऊ. बिडकीनहून पैठण किती लांब आहे, ते तुम्हाला सांगायला नको. नाथषष्ठीला आपल्या घरोघरची माणसं जातात. या एकनाथ महाराजांवर प्रभातनं १९३५ साली पिक्चर काढला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. नाथांचं काम केलं बालगंधर्वांनी.

गंमत अशी की बालगंधर्व जन्मभर नाटकात बाईचं काम करत आलेले. त्यांनी नेसलेलं लुगडं, घातलेला दागिना बघून मोठ्या घरच्या बाया तसं नेसू लागत. त्यांना पडद्यावर आणलं ते पुरुष म्हणून, संत म्हणून. म्हणजे एकीकडे बाईच्या जागी बाई आली, आणि बाईची कामं करणारा सगळ्यात मोठा नट पुरुषाच्या वेशात आला.

या पिक्चरचं नाव आधी ‘महात्मा’ ठेवलं होतं. इंग्रज सरकारला ते खपलं नाही. महात्मा म्हटलं की लोकांना गांधीजी आठवत. आणि नाथ हे अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जाऊन जेवले, ही गोष्ट पिक्चरमध्ये होती. गांधीजींचं कामही तेच चाललेलं. शेवटी नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. चारशे वर्षांपूर्वी पैठणात झालेली एक जेवणाची गोष्ट १९३५ साली सरकारला जड गेली, यातच तिचं मोल कळतं. एकाच पंगतीला बसणं ही गोष्ट आजही सगळ्या गावांत सोपी झालेली नाही, हे आपण आपल्या मनाशी ओळखून आहोत.

जिजाई : घर चालवणारीची बाजू

दुसऱ्याच वर्षी, १९३६ ला, प्रभातनं ‘संत तुकाराम’ काढला. दामले आणि फत्तेलाल या दोघांनी तो केला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. मुंबईत हा पिक्चर सलग ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परदेशात वाहवा मिळवणाऱ्या आपल्या पहिल्या पिक्चरपैकी तो एक.

पण मी सांगणार आहे ती तुकोबांच्या बायकोबद्दल, जिजाईबद्दल. लोक तिला आवली म्हणतात. आपल्याकडे तिला भांडखोर म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे. पिक्चर बघा म्हणजे कळेल. तुकोबा भजनात रंगलेले असतात, आणि घरात दाणा नसतो. पोरं भुकेली असतात. ती म्हशीला जीव लावते, कारण म्हैस दूध देते. ती नवऱ्यावर करवादते, पण त्याला उपाशी ठेवत नाही. पोर आजारी पडतं तेव्हा ती देवळात जाते आणि पायताण उगारून खुद्द विठोबालाच जाब विचारते. बघणाऱ्याला हसूही येतं आणि डोळ्यांत पाणीही येतं.

हे काम करणारी गौरी ही काही शिकलेली, नावाजलेली नटी नव्हती. प्रभात कंपनीत बारीकसारीक कामं करत ती पुढे आली होती. म्हणूनच तिचं चालणं, ओरडणं, पदर खोचणं खोटं वाटत नाही. आपल्या गल्लीतली बाई वाटते. पिक्चर तुकोबांचा आहे, भक्तीचा आहे. पण करणाऱ्यांनी जिजाईला वेडी किंवा वाईट ठरवलं नाही. तिची बाजू मांडली. देव मोठा, तुकोबा मोठे, आणि चूल पेटवणारी जिजाईही तेवढीच खरी, असं तो पिक्चर सांगतो. जुना एकच पिक्चर बघायचा असेल तर मी हा बघायला सांगेन.

नीरानं ‘नाही’ म्हटलं

आता येतो तो पिक्चर, ज्याच्यासाठी मी आजचा विषय घेतला. ‘कुंकू’, १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो बेतला आहे. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’ म्हणून निघाला.

गोष्ट अशी. नीरा ही आईबाप नसलेली मुलगी. मामा पैशाच्या लोभानं फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या, बायको वारलेल्या वकिलाशी लावून देतो. लग्न लागतं. पण नीरा त्या घरात जाऊन सांगते, हे लग्न मला मान्य नाही. ती पळत नाही. विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहते आणि रोज नकार देते. घरात एक वयस्कर काकू आहे, ती नीराचा जाच करते. म्हाताऱ्याचा वयात आलेला मुलगा तिच्यावर वाईट नजर ठेवतो, तर नीरा त्याला छडीनं बडवते. म्हातारा आरशासमोर उभा राहून पिकल्या मिशांना काळं लावतो, आणि आरसा काही खोटं बोलत नाही.

नीरा झाली शांता आपटे. तिनं गाणीही स्वतःच गायली. या पिक्चरची एक खुबी कानानं ऐकण्यासारखी आहे. एरवी पिक्चरमध्ये मागे वाजंत्री वाजत राहते, यात ती नाही. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, रस्त्यावरचे आवाज, जे घरात ऐकू येतं तेवढंच. त्यामुळे ते घर अंगावर येतं.

नीराच्या बाजूनं उभी राहते ती म्हाताऱ्याची लेक सुशीला. वयानं नीरापेक्षा मोठी, शिकलेली, समाजाचं काम करणारी. ती बापाला तोंडावर सांगते की तुम्ही चुकलात. हे काम शकुंतला परांजपे यांनी केलं. त्या खऱ्या आयुष्यातही तशाच होत्या. ज्या काळात संततिनियमन हा शब्द उच्चारायची लाज होती, त्या काळात त्यांनी बायांना मूल कधी आणि किती हवं हे ठरवता यावं म्हणून काम केलं. पुढे त्या राज्यसभेत गेल्या. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. दिग्दर्शिका सई परांजपे ही त्यांचीच लेक.

शेवटी काय होतं? म्हाताऱ्याला आपली चूक उमगते. तो नीराला लेक मानतो, तू दुसरं लग्न कर असं लिहून ठेवतो आणि स्वतःचा जीव देतो. नीरा मोकळी होते. इथं मला एक गोष्ट खटकते, ती तुमच्यापुढे ठेवते. पिक्चरभर नीरा ‘नाही’ म्हणते, पण तिला मोकळं करायला शेवटी म्हाताऱ्याचं मरण आणि त्याची चिठ्ठी लागते. बाईचं ‘नाही’ एवढंच पुरेसं का नव्हतं? आणि कपाळ पुसल्यावर त्या पोरीला त्या काळात कोणी नांदू दिलं असतं का? गटात पिक्चर बघाल तेव्हा यावर जरूर बोला.

त्या काळचा कायदाही सांगते. १९२९ साली ब्रिटिश सरकारनं बालविवाहाला बंदी घालणारा शारदा कायदा केला. त्यात मुलीचं वय ठरवलं १४. तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो १९४८ साली मुक्त झाला. आज सगळ्या देशात मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ आहे. कायदा इतका पुढे आला, पण ऊसतोडीला जायच्या आधी किंवा दुष्काळाच्या वर्षी ‘पोरगी उजवून टाकू’ म्हणणारी घरं आपल्या भागात आजही आहेत. हुंडा कमी लागतो, स्थळ चांगलं आहे, पोरीचं वय निघून जाईल, ही बोलणी नीराच्या मामाच्या तोंडचीच आहेत. कुठं असं लग्न ठरत असल्याचं कळलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे. फोन करायला पैसे पडत नाहीत.

कर्जाचा कागद

बचत गटाच्या बायांना आणखी एक नाव माहीत हवं, ‘सावकारी पाश’. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तो १९२५ साली केला. मूकपट होता. पुढे ‘कुंकू’ काढणारे शांताराम यात तरुण शेतकरी झाले होते. सावकार खोटा कागद करतो, शेतकऱ्याची जमीन जाते, आणि तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. देवादिकांच्या गोष्टी सोडून शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट पडद्यावर आणणाऱ्या पहिल्या पिक्चरमध्ये याचं नाव घेतात. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जाचे कागद जाळले होते. तो राग पन्नास वर्षांनी पिक्चरमध्ये आला. आपण सगळ्यांनी पाहिलेला ‘मदर इंडिया’ १९५७ चा. त्यातल्या सुखीलालाच्या तब्बल बत्तीस वर्षं आधी मराठी माणसानं हा सावकार पडद्यावर दाखवला होता.

१९२५ चा तो मूकपट आज बघायला मिळत नाही. पण कर्जाचीच आच ज्यात आहे असा एक पिक्चर मिळतो : ‘श्यामची आई’, १९५३. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी केलेला. वनमालाबाईंनी आई केली आणि लहानग्या माधव वझेनं श्याम. देशात सरकारी चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याच पिक्चरला मिळालं. आपण तो आईच्या मायेचा पिक्चर म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण पुन्हा बघाल तेव्हा दुसऱ्या नजरेनं बघा. कर्ज केलं ते घरच्या पुरुषांनी. वसुलीचा माणूस दारात येतो तेव्हा अपमान गिळते ती आई. कर्ज कोणाचं आणि लाज कोणाची, हा हिशोब गटातल्या बाईला लगेच कळेल. आपल्या गटात कर्ज घेताना सगळ्याजणींसमोर बोलून, लिहून, वाचून घ्यायची पद्धत का ठेवली आहे, तेही त्यातून कळेल.

अत्र्यांनीच त्यानंतर ‘महात्मा फुले’ काढला. त्यात बाबूराव पेंढारकर जोतिबा झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. गाडगे बाबाही त्यात प्रत्यक्ष दिसतात. मुलींना शाळेत घालायला आजही जे काचकूच करतात, त्यांना हा दाखवायला हवा.

शेजारी, तमाशा आणि उंबरठा

आणखी तीन नावं थोडक्यात सांगते.

पहिलं ‘शेजारी’, १९४१ चं. जिवबा आणि मिर्झा, एक हिंदू, एक मुसलमान. घराला घर लागून, जन्माची दोस्ती. गावात धरण होणार असतं. जमिनीवर डोळा ठेवणारा कंत्राटदार दोघांत फूट पाडतो. मराठीत मिर्झा झाले गजानन जागीरदार, म्हणजे मुसलमान शेजाऱ्याचं काम हिंदू नटानं केलं. हिंदी पिक्चरमध्ये हिंदू शेजाऱ्याचं काम मजहर खान यांनी केलं. शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरतात. आपल्या शेजारी नाथसागर आहे, आपल्या गावात दोन्ही समाज आहेत, आणि कारखान्यांसाठी जमिनी जाणं म्हणजे काय हे बिडकीनला सांगावं लागत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा पिक्चर आपल्या ओट्यावरचा वाटेल.

दुसरं ‘सांगत्ये ऐका’, १९५९ चं. अनंत माने यांचा तमाशापट. पुण्यात विजयानंद टॉकीजला तो १३१ आठवडे चालला. यात हंसा वाडकर आणि जयश्री गडकर आहेत. हंसाबाईंनी ‘संत सखू’ही केला होता. घरची चूल चालावी म्हणून त्यांना कोवळ्या वयात कामाला लावलं गेलं. कमावत होत्या त्या, पण पैसा आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात. हे सगळं त्यांनी कोणाला न घाबरता आपल्या आत्मचरित्रात सांगितलं, आणि त्या पुस्तकाला याच पिक्चरचं नाव दिलं. त्यावरून पुढे १९७७ साली श्याम बेनेगल यांनी हिंदीत ‘भूमिका’ काढला. त्यात हंसाबाईंवर बेतलेलं काम स्मिता पाटीलनं केलं.

तिसरा पिक्चर त्याच स्मिता पाटीलचा. ‘उंबरठा’, १९८२. जब्बार पटेल यांचा. सुलभा शिकलेली आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे. पण तिला आपलं काम करायचं आहे. ती महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते. तिथल्या बायांचे हाल आणि त्यावर चाललेले व्यवहार तिला सहन होत नाहीत. ती परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा भांडत नाही, रडत बसत नाही, घर सोडून निघते. १९३७ ची नीरा घरात राहून ‘नाही’ म्हणाली, तिला मोकळं करायला नवऱ्याची चिठ्ठी लागली. १९८२ ची सुलभा स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडते. पंचेचाळीस वर्षांत पिक्चर एवढा पुढे आला. मग तिच्या लेकीचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याचं उत्तर पिक्चर देत नाही. ते आपण शोधायचं आहे.

तंबू, रिळं आणि नाहीशी झालेली चित्रं

आपल्यातल्या थोरल्या बायांनी तंबूतला पिक्चर पाहिला असेल. जत्रेत, बाजाराच्या गावी तंबू ठोकायचे. मशीन, पडदा, रिळं गाडीतून यायची. जमिनीवरच बसायचं. बायांची बाजू वेगळी, मध्ये दोर नाहीतर कनात. ‘संत तुकाराम’ लागला की लोक पडद्यालाच हात जोडायचे. बाईला पिक्चरला जायची मोकळीक मिळायची ती देवाच्या नावानं. संतांच्या पिक्चरनं बायांना तंबूत आणलं, आणि मग तिथं त्यांनी जिजाईलाही पाहिलं.

यातले पुष्कळ पिक्चर आज उरलेले नाहीत. जुन्या फिल्मची पट्टी अशा मसाल्याची असे की तिला लवकर आग लागे. नाही जळाली तर ती सडून चिकटे. काहींनी तर त्यातली चांदी काढायला रिळं विकून टाकली. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळंच वाचली. बोलणारा पहिला हिंदी पिक्चर ‘आलम आरा’ पूर्ण गेला. १९६४ साली पुण्यात सरकारनं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय काढलं, तेव्हा कुठं उरलेलं जपायला सुरुवात झाली.

त्यातल्या त्यात आपण नशीबवान. काश्मीरकडे बघा. ‘कश्मीर की कली’ १९६४ चा, सगळ्या देशानं पाहिला. डोंगर, शिकारे, फुलं सगळी काश्मीरची, बोली हिंदी. आणि काश्मिरी भाषेतला पहिला पिक्चर, ‘मैंज रात’, म्हणजे मेंदीची रात्र, तोही थेट त्याच १९६४ साली आला. तोवर काश्मिरी बाईला पडद्यावर आपला मुलूख दिसत होता, पण आपली बोली ऐकू येत नव्हती. आपल्याला १९३२ पासून आपल्या भाषेत बोलणारी तारामती मिळाली, जिजाई मिळाली, नीरा मिळाली. ती ठेव आपण बघितली नाही, तर असून नसल्यासारखी आहे.

गटात कसं बघायचं?

यातले बरेच पिक्चर आता मोबाईलवर नाव बोलून शोधले तर सापडतात. शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला मोठा टीव्ही मिळाला तर फारच बरं. महिन्याच्या बैठकीनंतर एक पिक्चर ठेवा. सगळा एकदम नाही जमला तर दोन वेळा करून बघा. आवाज जुना आहे, पहिली दहा मिनिटं कान बसायला लागतात, मग काही अडत नाही. सासवा-सुना, शिकणाऱ्या पोरी, सगळ्यांना बसवा. घरच्या पुरुषांनाही बोलवा, विशेषतः ‘कुंकू’ला.

सुरुवात ‘संत तुकाराम’नं करा, कारण त्याला कोणी नाही म्हणणार नाही. मग ‘श्यामची आई’. मग ‘कुंकू’. मग ‘शेजारी’. ‘उंबरठा’ शेवटी ठेवा.

आणि पिक्चर संपल्यावर लगेच उठू नका. तीन प्रश्न विचारा. यातल्या बाईला काय हवं होतं? ते तिला कोणी मिळू दिलं नाही? आणि ती आज आपल्या गल्लीत असती, तर आपण तिच्या बाजूनं उभ्या राहिलो असतो, की त्या काकूसारख्या वागलो असतो?

तिसरा प्रश्न अवघड आहे. पण नीराला त्या घरात एका सुशीलाचा आधार होता. आपल्या गावातल्या पोरीला तो आधार आपल्या गटाचा मिळू शकतो. बघा, बोला, आणि काय बोलणं झालं ते आम्हाला रेडिओवर येऊन सांगा. नमस्कार.